फणसाच्या सुक्यातला जीव

शेवंती धुरी यांच्या ‘शाकाहारी सुके’ या मालात तपासणीच्या वेळी जीव सापडला, आणि तो खुद्द शेवंती धुरींचाच निघाला. हे सांगायला जिल्ह्याच्या तपासणी कार्यालयातले बिडवईसाहेब स्वतः गावात आले. असली बातमी फोनवर द्यायची पद्धत नाही, असं म्हणून त्यांनी चपला पायरीखाली काढल्या आणि ते पडवीतल्या बाकावर बसले.

शेवंती खळ्यात वाळवण राखत होती. तिची मुलगी मिथिला पाकिटं भरत होती आणि भरता भरता सुक्याची एक पट्टी चघळत होती. बातमी ऐकून तिची दाढ थांबली.

“सापडला म्हणजे कसा?”

“नेहमीच्याच रीतीने,” बिडवईसाहेब म्हणाले. “पट्टी पाण्यात भिजत घातली होती. खिडकीतून ऊन आत आलं तशी ती आपली आपण कुशीवर वळली. वाळवण उलटतात ना, तशी. मग नियमाप्रमाणे शिपायाला एक खायला दिली. आमचा शिपाई लातूरकडचा. तो उठला, पंखा बंद केला आणि मला म्हणाला, ‘रिकाम्या घरात पंखो कित्याक? वीज काय झाडार लागता?’ ”

मिथिलेने आईकडे पाहिलं. हे वाक्य ऐकतच ती लहानाची मोठी झाली होती.

“मगे? खरा ता,” शेवंती चटईवरची नजर न काढता म्हणाली. “वीज काय झाडार लागता?”

या सगळ्याच्या मुळाशी मिथिलेचं पोट होतं. ती पुण्याला शिकायला गेली आणि व्हीगन होऊन परत आली. मासे सुटले, मटण सुटलं, इथपर्यंत वाडीने समजून घेतलं असतं. पण दूध सुटलं, दही सुटलं, मधसुद्धा सुटला. ज्या घरात वांग्यातही कोलंबीचे सोडे पडतात त्या घरात पोरीच्या पानात वाढायला काही उरलंच नाही. ती भात आणि मीठ घेऊन बसायची आणि म्हणायची, “मला पुरतं.” पोर समोर बसून असं म्हणते तेव्हा आईचं काय होतं, ते पोरींना कधी कळत नाही.

शेवंतीने मग कोवळा फणस उकडला. त्याची रेष न् रेष सोडवली, कोकमाचं आगळ, तिरफळ आणि मसाला चोळून पट्ट्या थापल्या आणि उन्हात वाळवल्या. पहिली पट्टी निखाऱ्यावर भाजून, वर कांदा आणि खोबरेल घालून तिने लेकीपुढे ठेवली. मिथिलेने ती खाल्ली, मग आणखी मागितली आणि मग रडली. पुढे लेकीनेच पाकिटं काढली. लोक ते सुकं चहाबरोबर चघळू लागले, प्रवासात नेऊ लागले, बाटलीबरोबर मागू लागले, आणि रश्शात टाकलं तर मटण खाणाऱ्यांनीही वाटी पुढे केली. यात काय घालता, असं जो तो विचारायचा. शेवंती सगळ्यांना एकच सांगायची, “काय नाय ओ, जीव ओतून केलंय.” तिने लपवलं, असं तिच्यावर कुणालाच म्हणता येणार नाही. ऐकणाऱ्यांनी ती नुसती बोलण्याची रीत मानली, हा ऐकणाऱ्यांचा दोष.

“म्हणजे आपण कबूल करता,” बिडवईसाहेब म्हणाले.

“कबूल कसला? जीव ओतल्याशिवाय काय तरी बरा होता?”

“अडचण एवढीच आहे की जीव असलेल्या मालाला शाकाहारी म्हणता येत नाही. आता एक तर जीव न ओतता करा. नाही तर तो स्वखुशीने दिलाय, असं देणाऱ्याने तोंडाने सांगायला हवं. आईच्या दुधाला कार्यालयाचा आक्षेप नाही, कारण ते दिलेलं असतं. मधाला आहे. मधमाशीला कुणी विचारत नाही.”

“आणि जो जीव खाल्ला गेला, तो परत?” मिथिलेने विचारलं.

“परतीची तरतूद नाही. खाल्लेलं ते खाणाऱ्याचं.”

साहेब पुढच्या आठवड्यात येतो म्हणून गेले. मिथिलेने त्या दिवशी पहिल्यांदा आईकडे नीट पाहिलं. शेवंतीच्या गुडघ्याशी एक कावळा पट्टी ओढत होता. शेवंतीने हात उडवला, हाड हाड केलं, पण कावळ्याने मानही वर केली नाही. मिथिलेने नुसता पाय हलवला आणि तो उडाला. शेवंती उठली तेव्हा, ती बसली होती तिथलं गोणपाट जरासुद्धा दबलेलं नव्हतं.

“आई, सकाळी काय खाल्लंस?”

शेवंतीने बराच वेळ विचार केला. “आठवत नाय गो. हल्ली भूकच लागणा नाय.”

मिथिलेला भयंकर भीती वाटली. मधमाशीच्या कष्टाला हात लावायचा नाही म्हणून जी पोर मध खात नव्हती, ती रोज चहाबरोबर आईला खात होती. लहानपणी ती हट्ट करायची तेव्हा आई म्हणायची, “माझो जीव खाव नको गो.” तेव्हा तर तिने साधा फुगाच मागितलेला असायचा.

दुसऱ्या दिवशी जीव न ओतता सुकं करायचं ठरलं. मिथिलेने टीव्ही दारात आणून ठेवला, मालिका लावली आणि आईला बजावलं, “हात फणसात, डोळे तिकडे. मनात काही आणायचं नाही.” शेवंती मालिकेतल्या सासूला शिव्या घालत पट्ट्या थापत राहिली. वाळल्यावर सुंभासारख्या पट्ट्या निघाल्या. कावळे लांबून बघून गेले. बिडवईसाहेब ठरल्याप्रमाणे आले, त्यांनी एक पट्टी खूप वेळ चावली, मग ती अदबीने रुमालात काढली आणि म्हणाले, “माल शुद्ध आहे.” माल खोक्यांत भरला की पक्का शिक्का मारायला पुन्हा येतो, असं सांगून ते निघाले.

त्या दुपारी शेवंतीने बांगड्याची आमटी आणि भात दोनदा मागून घेतला. ढेकर दिली. तिच्या हाकेने कुत्रंसुद्धा दचकलं. मिथिलेच्या मनावरचं ओझं उतरलं. हे सुंभ कुणी विकत घेवो न घेवो, आई तर जागेवर राहणार होती. तिने आनंदाने आपल्या पानात भात घेतला आणि वर मीठ घेतलं.

“कायतरी लाव तेका,” शेवंती म्हणाली. “नुसतो भात कसो जाता?”

“मला पुरतं, आई.”

बोलू नये ते ती बोलून गेली, आणि पिशव्या आणायला बाजारात गेली.

परत आली तेव्हा शेवंती खळ्यात चटईला लागून बसली होती. दोन्ही तळवे पट्ट्यांवर टेकलेले, ओठांतल्या ओठांत काहीतरी गुणगुणणं चाललेलं. सकाळचं ते पांढरट सुंभ आता काळसर, तुकतुकीत झालं होतं. मिथिलेने खळ्यात पाऊल टाकलं, तशा चटईवरच्या सगळ्या पट्ट्या एकदम तिच्या दिशेने कुशीवर वळल्या.

“आई! काय केलंस हे?”

“बरा लागात आता,” शेवंती म्हणाली. ऐकायला मिथिलेला तिच्या तोंडाशी कान न्यावा लागला. “खा.”

मिथिलेने ती पट्टी खाल्ली नाही. आईला उचलून आत नेलं, तेव्हा तिचं वजन धुऊन वाळलेल्या पातळाएवढं भरलं. तिच्या शेजारी बसून मिथिलेने सगळं नीट ठरवलं. स्वखुशी नाही असं एकदा साहेबांना सांगितलं की माल बंद होणार. माल बंद झाला की आईला ओतायला जागाच राहणार नाही. मग तिला आमटीभात भरवायचा, बसवायचं, हळूहळू भरून काढायचं. आणि आपण भाताला काहीतरी लावून खायचं, काहीही, तिच्या देखत.

बिडवईसाहेब आले तेव्हा शेवंतीला पडवीत उशीला टेकवून बसवलं होतं. साहेबांनी चटईवरची एक पट्टी उचलून उजेडात धरली. “हा तर ओतलेला माल आहे,” ते म्हणाले. “आता विचारावंच लागेल.”

“तिचा आवाज पोचत नाही,” मिथिला म्हणाली. “मी सांगितलं तर चालेल का?”

“जवळच्या माणसाने सांगितलेलं ग्राह्य आहे. पण प्रश्न त्यांनाच विचारायला हवा.” साहेब उभे राहिले आणि त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं. “श्रीमती शेवंती धुरी, या मालातला जीव आपण स्वखुशीने दिलात का?”

शेवंतीचे ओठ हलले. आवाज आला नाही. मिथिलेने ‘नाही’ हा शब्द जिभेवर तयार ठेवला होता. तिने तोंड उघडलं.

“दिलंय तर,” ती म्हणाली. “आयशीक काय ता इचारुचा?”

पुण्याहून परतल्यापासून मिथिला मालवणी बोलली नव्हती, आणि आवाज तर तिचा नव्हताच. तिने घाईने हात तोंडावर नेला. तो हात पदर शोधत होता, आणि पदर नाही हे कळल्यावर ओढणीवर थांबला.

“पुरेसं आहे,” बिडवईसाहेब म्हणाले. खोक्यांवर हिरवा शिक्का मारून ते पायऱ्या उतरले, चपला घातल्या, आणि माल चांगला आहे असं मनापासून सांगून गेले.

शेवंती मिथिलेकडे बघत होती. परक्या गावात लग्नाला गेलेलं माणूस ओळखीचा चेहरा शोधतं, तशी तिची नजर मिथिलेच्या कपाळावरून, गालावरून, हातांवरून फिरली. मग तिने विचारलं. आवाज बारीक होता, पण वाडीत नव्याने आलेल्या पोरीला विचारावं तितकी माया त्यात होती.

“कोणाचा गो चेडू तू?”

“माझा,” मिथिला आईच्या आवाजात म्हणाली, आणि तिला जेवण वाढायला आत गेली.