डेल्विनच्या बोटाची ताकद

बंदुकीचा चाप हलका घ्यायचा की जड, एवढंच ठरवायचं होतं. ते मी ठरवलं, आणि तेव्हापासून वस्तीतले पुरुष मला बघून हॅटच्या कडेखाली हसतात.

झालं असं. माझ्या नवऱ्याची, ओलनची, जुनी रायफल गेल्या शिकारीच्या हंगामात अचानक रुसली. गोळी भरल्यावर नीट बंदच होईना. वस्तीतल्या सगळ्यांनी तिला डोळा लावून पाहिलं, कारण कुणालाच सापडलं नाही. शेवटी बंदुका बनवणाऱ्या हार्लीकाकांच्या कारखान्यात नवी बांधायला दिली. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता ओलनने स्वतः तासला. राहिला फक्त चाप.

"हार्लीला सांग, हलका लाव," ओलन कामावर जाताना म्हणाला. डोंगरापलीकडे लाकडी घर बांधायचं काम चाललं होतं, आठवडाभर तिकडेच मुक्काम. "फुंकर मारली तरी सुटेल असा!"

एवढं बोलून तो बग्गीत बसून गेला. मी मात्र त्या फुंकरीपाशीच अडकले. आमचा डेल्विन साडेतीन वर्षांचा. तो झोपला की श्वास चालू आहे ना हे बघायला मी उठते, आणि जागा असला की गप्प का आहे हे बघायला उठते. अशा घरात फुंकरीने सुटणारी बंदूक?

हार्लीकाकांनी टेबलावर चाप मांडून ठेवले होते. "हा बघ, अडीच पौंडांच्या ओढीने सुटणारा. लोण्यासारखा."

"जास्तीत जास्त जड कुठला?"

"जड? पोरी, लोक माझ्याकडे हलका करून घ्यायला येतात."

"लहान मूल किती पौंड ओढतं?"

हार्लीकाकांनी चष्मा काढला. "मी बंदुकांना चाप बसवतो. लहान मुलांना अजून बसवले नाहीत."

मी घरी आले. मासे तोलायचा काटा टेबलाच्या पायाला बांधला आणि डेल्विनला म्हटलं, ओढ, बिस्किट देते. एका बिस्किटाला तीन पौंड निघाले. दुसऱ्याला पाच. तिसऱ्याला टेबलच सरकलं. (शेळीचं दूध काढायला त्याला मीच शिकवलं होतं. बोटं तिथे कमावलेली.)

मी तशीच परत गेले. "काका, तुमच्याकडचा सगळ्यात जड द्या."

"ओलनला हेच हवंय?"

"आमच्या घरात तसं ठरलंय," मी म्हणाले. (खोटं नव्हतं. त्या दिवशी घरात मीच होते.)

हार्लीकाकांनी मान हलवत मागच्या डब्यातून एक चाप काढला. गोठ्याच्या फाटकाला कडी म्हणून शोभला असता.

शुक्रवारी संध्याकाळी रायफल घरी आली. ती बाकावर आवळून, गोळ्या झाडून नेमही हार्लीकाकांनीच जुळवून दिला होता. ओलनने दस्त्यावरून हात फिरवला आणि बोट चापाकडे नेलं.

"नको ना! डेल्विन आत्ताच झोपलाय. खट्ट वाजलं की उठेल."

बिचाऱ्याने लगेच खाली ठेवली.

शनिवारी शिकारीचा हंगाम उघडला. तळघरात मांस टिकवायच्या बरण्या रिकाम्या, रांगेने उभ्या होत्या. परवाना एका एल्कचा, म्हणजे सांबरापेक्षाही मोठ्या हरणाचा, आणि हिवाळाभराचं आमचं मांस त्याच्यावर. मी दिवसभर रविवारची तयारी करत होते, कारण या खेपेला वस्तीची प्रार्थना आमच्याकडे होती. फडताळाच्या वरच्या फळीवर एक लोखंडी दांडा असतो, गोल मुठीचा, हातात छान बसणारा. नेहमीप्रमाणे त्यानेच केकसाठी अक्रोड फोडले, दांडा साबणाने धुऊन पुसून परत जागेवर ठेवला. (मी नेटकी बाई आहे.)

ओलन अंधार पडता पडता रिकाम्या हाताने आला.

"दिसला नाही?"

"दिसला. समोरच चरत होता. मी ओढतोय, तो चरतोय. मी दोन बोटांनी ओढतोय, तो मान वर करून माझ्याकडे बघतोय. एकदाची गोळी सुटली तेव्हा नळी इतकी हलली की लार्चच्या झाडाची फांदी पडली." त्याने उजवं बोट दिव्यापुढे धरलं. "रोझेटा, माझ्या बोटातला जोर गेला गं."

तेव्हा सांगायला हवं होतं. मी काय केलं? मलम आणलं आणि त्याचं बोट चोळत बसले.

रविवारी प्रार्थना झाली. पुरुष जेवायला बसले. मी घेवड्याच्या सुपाचं भांडं घेऊन वाढत होते. ओलनने फांदीची गोष्ट सांगितली.

"लग्न झालं की आधी बोटच जातं," दीर लॅव्हर्न म्हणाला. सगळे हसले.

हार्लीकाकांनी चमचा खाली ठेवला. "अरे, पण इतका जड चाप तूच मागितलास ना? रोझेटा म्हणाली, घरात ठरलंय."

सगळ्या दाढ्या एकदम माझ्याकडे वळल्या. मी तोंड उघडणार तोच टेबलाखालून आवाज आला. "मी ओढला काटा! आईने तीन बिस्किटं दिली! परत ओढू?"

जे हसू फुटलं, ते अंगणातल्या घोड्यांनीही ऐकलं असेल. सासूबाईंनी पदरासारखा एप्रन तोंडाला लावला. एकटा ओलन हसला नाही.

"काल माझं बोट चोळलंस तू," तो हळूच म्हणाला.

मी त्याच्या वाडग्यात आणखी एक पळी सूप ओतलं. जमिनीने पोटात घ्यावं, असं वाटत होतं.

सोमवारी हार्लीकाकांनी चाप बदलला. बुधवारी एल्क आला. बरण्या चुलीवर उकळायला लागल्या तेव्हा कुठे ओलनचा राग निवळला.

"वेडे, पोराची काळजी मला नाही का?" त्याने साफ करायला घेतलेल्या नव्या रायफलीतून एक लोखंडी दांडा सर्रकन बाहेर ओढला. "हा बोल्ट. हा काढला की रायफल म्हणजे नुसती काठी. पोराने दिवसभर चाप ओढला तरी काही होत नाही. घरात आलो की मी आधी हा काढून वर ठेवतो. जुन्याचाही तिथेच आहे."

दांड्याला गोल मूठ होती. हातात छान बसेल अशी.

"वर म्हणजे कुठे?" मी विचारलं, पण नजर आधीच फडताळाकडे गेली होती.

ओलनने फडताळाच्या वरच्या फळीवरून जुना काढला. "गेल्या हंगामात हाच नीट बसेना. आणि हा इथे ठेचल्यासारखा का झालाय? साबणाचा वास कसला?" त्याने खाचेतून नखाने काहीतरी उकरलं आणि दिव्यापाशी धरलं.

अक्रोडाचं टरफल होतं.

"केक उरलाय थोडा," मी म्हटलं. "देऊ?"