रखमाबाईंचा नाचणीचा चॉकलेट केक

पौष्टिक पदार्थाची सर्वांत भरवशाची खूण म्हणजे तो दुसऱ्या दिवशीही शिल्लक असतो. नागावच्या होमस्टेंमध्ये झालेल्या एका पाहणीनुसार (नमुना : एक फ्रीज, पाहणी करणारा : फ्रीजचा मालक) मैद्याच्या केकला संध्याकाळ दिसत नाही, आणि नाचणीच्या केकला आयुष्य किती असतं ते अजून ठरायचं आहे. मूळ नमुना वरच्या कप्प्यात सुखरूप आहे.

फ्रीजमालकाचं नाव विनेश. आधी त्याचा ट्रकचा धंदा होता. तिथे माल पोचला की काम संपायचं. मग नारळीच्या वाडीत खोल्या बांधून त्याने होमस्टे काढला आणि त्याला कळलं, की इथे गिऱ्हाईक गेल्यावर खरं काम सुरू होतं, कारण गिऱ्हाईक अभिप्राय लिहितं. अभिप्रायात ‘ऑथेंटिक’ आलं की त्याचा दिवस चांगला जायचा. (अर्थ त्याने सुरुवातीला कोणाला विचारला नाही आणि आता विचारायची सोय राहिली नव्हती.)

त्याच्या आईची, रखमाबाईंची पंचाहत्तरी आली. तारीख आधार कार्डाने ठरवलेली, म्हणजे एक जून. रखमाबाईंनी उभ्या जन्मात कुणाकडे काही मागितलेलं नव्हतं, पण शेजारच्या केसरच्या वाढदिवसाला आला होता तसा केक त्यांना हवा होता. पांढऱ्या क्रीमचा, वर गुलाबी गुलाब असलेला. गुलाब कापायचा नाही, अख्खा आपल्याला द्यायचा, असंही त्यांनी सुनेला, नेत्राला, दोनदा बजावलं.

विनेशने अर्जाचा सर्व बाजूंनी विचार केला. एक, आईला साखर आहे. दोन, मैदा हे विष आहे, असं दोन नंबरच्या खोलीतल्या साक्षीताईंनी नाश्त्याला जादा पाव मागवताना सांगितलं होतं. तीन, साक्षीताई दिसेल त्याचा फोटो टाकतात आणि त्यांना पाहणारे पुष्कळ आहेत. सबब, केकची मागणी मंजूर करण्यात येत असून केक नाचणीचा, गुळाचा व बिनक्रीमचा राहील. गुलाबाची बाब विचाराधीन ठेवण्यात येत आहे.

आईची काळजी त्याला होती, यात खोटं काही नाही. तिने शंभरी गाठावी असं त्याच्या मनात होतं. ती काय खाऊन गाठायची, हा तपशील त्याने नंतरसाठी ठेवला होता.

नाचणीचं पीठ मुंबईहून कुरिअरने आलं. पाकिटावर ‘पूर्वजांचं धान्य’ असं लिहिलं होतं. नेत्राने केक करून देते म्हटलं, पण कौतुक वाटून घ्यायला विनेश तयार नव्हता. पिठाने मात्र त्याला दाद दिली नाही. नाचणीला चिकटपणा नसतो, मिश्रण विस्कटत राहिलं. व्हिडिओतली बाई जवस भिजवून घालायला सांगत होती. जवस घरात नव्हते आणि बाई गावातली नव्हती. इकडे भाकरीचं पीठ तुटायला लागलं की घरोघरी एकच इलाज करतात, उकड काढतात. विनेशने केकची उकड काढली. उकळत्या पाण्यात पीठ, कोको आणि गूळ घालून झाकण ठेवलं आणि नंतर ते सगळं घामाघूम होईपर्यंत मळलं. केकची उकड कुणी काढत नाही, असं नेत्रा दारातून म्हणाली. त्यावर त्याने तिला परंपरा आणि नावीन्य यांच्या संगमाविषयी समजावून सांगितलं. ऐकता ऐकता ती वाडीत नारळ गोळा करायला निघून गेली.

केक ओव्हनमध्ये गेला तेवढाच बाहेर आला.

मेणबत्ती त्यात शिरेना, म्हणून ती विनेशने हातात धरली. प्लास्टिकची सुरी मोडली, तेव्हा नेत्राने कोयता आणून दिला. रखमाबाई नवं लुगडं नेसून सकाळपासून खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी केक चारी बाजूंनी निरखून पाहिला. गुलाब खाली गेला असेल म्हणून ताटलीही थोडी उचलून पाहिली. पाहुणे तोवर कौतुकाला लागले होते. मातीचा सुगंध आहे, असं एक जण म्हणाला. साक्षीताईंनी एक घास खाल्ला, डोळे मिटले आणि उरलेला तुकडा नंतर शांतपणे खाईन म्हणून कागदात गुंडाळला.

रखमाबाई बराच वेळ चावत राहिल्या. मग म्हणाल्या, “नाचनी हाय ही.”

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

“तू पोटात व्हतास तवा मी माहेरी डोंगराकडं व्हते,” त्या विनेशला म्हणाल्या. “तांदूळ सरलं व्हतं. हीच खाल्ली, नुसती. तवाच बोलले, माज्या पोराला ही खायला लागायची न्हाय.”

आपण गाढव आहोत, असं विनेशला त्या क्षणी वाटलं (हा अंदाज पुढे दुरुस्त करावा लागला नाही). त्याला रडू येत होतं, पण घशात केक होता.

साक्षीताईंचे डोळे मात्र भरून आले. “आजी, प्लीज, हे परत एकदा बोला ना. कॅमेरा चालू नव्हता.”

रखमाबाईंनी थोडा विचार केला. “बोलते. आदी गुलाबवाला केक आना.”

विनेश स्कूटर काढून अलिबागला गेला आणि मैद्याचा, क्रीमचा, वर गुलाब असलेला केक घेऊन आला. रखमाबाईंनी गुलाब अख्खा तोंडात घातला आणि तो विरघळेपर्यंत कुणाशीच बोलल्या नाहीत. मग कॅमेऱ्यासमोर त्यांनी तीच गोष्ट पहिल्यापेक्षा चांगली सांगितली. तेवढ्यात केक संपला. साक्षीताईंनी फक्त चव बघितली, तीन वेळा. विनेशने त्या दिवशी आईची साखर मोजली नाही. ती इतकी खूश होती, की मशीन आणायला त्याचा पाय उचलेना.

व्हिडिओ खूप चालला. हजारो लोकांनी लिहिलं, की ऐकताना रडू आलं. त्याखाली त्याच लोकांनी लिहिलं, की नाचणीच्या केकची कृती मिळेल का. आजींना तो आवडला का, असं कुणी विचारलं नाही. लोकाग्रहास्तव कृती देत आहोत. साहित्य : नाचणीचं पीठ दोन वाट्या, किसलेला गूळ दीड वाटी, कोको अर्धी वाटी, तेल, दही, चिमूटभर सोडा, आणि घरातलं एक म्हातारं माणूस, ज्याने वेगळंच काहीतरी मागितलं होतं. पीठ आणि कोको बाजारातून आणावे लागतील. शेवटचा जिन्नस तुमच्याकडे आहे.