फायटरची पंगत

चातुर्मास लागला तसा सुलोचनाबाईंनी नेम धरला: घरात कोणालाही एकटं जेवू द्यायचं नाही. माणसांचं जमलं, नेम अडला तो मधुकररावांच्या फायटरपाशी. शेपटीचा निळा पदर सोडलेला हा मासा ओट्याजवळच्या बरणीत एकटाच राही, एकटाच दाणे टिपी. सून वर्षालीच्या टाकीत मात्र पट्टेरी बार्ब माशांची रोज पंगत बसे.

"अहो, त्याले पंगतीत बसवा न."

"अवं, फायटर हाये तो. दुसरा मासा दिसला का भांडते. राहू दे बरणीत," म्हणून मधुकरराव शेताच्या कामाला आंजीला गेले.

सुलोचनाबाईंच्या घशाखाली घास उतरेना. भांडकुदळ सोयरेसुद्धा पंगतीत गोड बोलतात, मासा काय मोठा! त्यांनी देवाला फूल वाहिलं आणि फायटरला वाटीनं उचलून टाकीत सोडलं. यानं कोणाला डिवचलंच तर मधे घालायला पळी घेऊन पहाऱ्यावर बसल्या.

फायटरनं कल्ले फुलवले, एक फेरी मारली आणि गप्प राहिला.

"गरीब हाये बिचारा. उगाच बदनाम केला!" म्हणत त्या आरतीला उठल्या.

परत येऊन पाहतात तर फायटर कोपऱ्यात दडलेला. शेपटीच्या पार चिंध्या. बार्ब अजून एकेक धागा ओढतच होते.

"आई, काऊन टाकलं त्याले? लांब पंखवाला दिसला का हे सोडत नाईत!" वर्षाली जाळी घेऊन धावली.

"मी त्याच्यावरच पहारा देऊन राह्यलती वं." सुलोचनाबाईंचे डोळे भरले. "पाव्हन्यावर नजर ठेवली, अन् घरच्यायले मोकळं सोडलं."

संध्याकाळी मधुकररावांनी बरणीत परत आणलेल्या फायटरला पाहिलं आणि चार दाणे टाकले. सुलोचनाबाई मागं येऊन उभ्या राहिल्या.

"पंख येईन न परत?"

"येईन हळूहळू. पण आता त्याचं त्याले राहू दे."

"अन् माहा नेम?"

मधुकररावांनी ताट उचलून बरणीसमोरच मांडी घातली. "हे घे. आता तो एकटा नाई." पाठोपाठ वर्षालीही ताट घेऊन आली. फायटरनं एक दाणा टिपला, तसा सुलोचनाबाईंचा जीव भांड्यात पडला. त्या गरम गरम भाकरी वाढत राहिल्या. नेम पुरा झाला. सगळे हात धुऊन उठले.

मग ओटा पुसून त्या नेहमीसारख्या, सगळ्यांच्या मागून, आपलं ताट घेऊन बसल्या. बरणीत पाहिलं. मासा झोपला होता.