चमच्यातला च

भागवतकाका मराठीत शिट्टी वाजवतात. हिंदीत नाही, फक्त मराठीत. 'चाय लाना भैया' म्हणाले तर काही कळणार नाही. पण 'चमचा द्या' म्हणाले की एका शब्दात दोन शिट्ट्या.

कारण साधं आहे. वरच्या मधल्या दोन दातांच्या शेजारचे दोन्ही दात काकांना कधी आलेच नाहीत. 'स' ते कसाबसा जिभेनं सांभाळून घेतात. पण चमच्यातला आपला च म्हणायचा तर जीभ दातांमागे टेकवावी लागते, आणि नेमक्या तिथेच फटी. हिंदीतला च टाळूवरून सुटतो, त्यामुळे अख्खं लखनौ त्यांना धडधाकट समजतं.

लखनौच्याच वृंदावन योजना या वसाहतीत माझा दातांचा दवाखाना आहे. मी मूळची साताऱ्याची, म्हणून इथल्या मराठी लोकांना मी डॉक्टर कमी आणि माहेरचं माणूस जास्त वाटते. दात दाखवायला येतात आणि चकलीची भाजणी मागून जातात. काका रेल्वेतून इंजिनियर म्हणून रिटायर झालेले. पहिल्यांदा आले तेव्हा खुर्चीत बसून म्हणाले, "डॉक्टर, दोन बर्थ रिकामे आहेत. पॅसेंजर आलेच नाहीत."

मी एक्स-रे काढला. "काका, येणार कुठून? त्यांनी तिकीटच काढलेलं नाही. हाडात दाताची कळीच धरली नव्हती. हे बऱ्याचदा घराण्यातून येतं."

"आईकडून," काका म्हणाले, तेही असे खुशीत की जणू आईनं पाटल्याच दिल्या होत्या.

मी त्यांच्या मागे लागले. ब्रिज सांगितला, इम्प्लांट सांगितलं, काढघाल करायची कवळी सांगितली. उत्तर ठरलेलं: "बघू. वेटिंगवर ठेवा." मलिहाबादचे दशहरी आंबे पेटीनं आणून देत, दातांचं नाव काढलं की चप्पल शोधत. शेवटी मी नाद सोडला.

मग त्यांची नात ओवी आली. चौदा वर्षांची पोर, आणि तेच दोन दात नाहीत. फोटोत ओठ घट्ट मिटलेले, हसताना तोंडावर हात. मी सांगितलं, आधी तारा लावून जागा नीट करू, मग तात्पुरते दात चिकटवू, आणि जबड्याची वाढ पुरी झाली की इम्प्लांट. ती इतक्या आशेनं ऐकत होती की मलाच भरून आलं.

तारांचं काम पार पडलं. दात चिकटवायच्या दिवशी काका तिच्याबरोबर आले आणि मी हत्यारं हातात घेतल्यावर खुर्चीशी येऊन उभे राहिले. "ओवी, आधी एकदा चमचा म्हण."

"चमचा," ओवी म्हणाली. च चक्क हिंदीतला. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र हिंदी.

"असा नाही गं."

"आजोबा, प्लीज. मेरी ट्यूशन है."

मी वैतागले. "काका, काय चाललंय तुमचं? तिला दात हवेत आणि तुम्हाला चमचा."

"दात बसवाच डॉक्टर, मी अडवत नाही," काका म्हणाले. "पण माझी आई 'चल, माझं चुकलं' म्हणायची ना, त्यात अशीच शिट्टी वाजायची. ती गेली तेव्हा मी हिच्याएवढाच होतो. फोटो आहे तिचा, पण आवाज कुठून आणू? घरी कोणी नसलं की मी एकटाच मोठ्यानं म्हणून बघतो. पुरुषाच्या आवाजात ते येत नाही हो. आलं तर हिच्याच तोंडून येईल, आणि आजच्यानंतर तेही नाही."

मी चिमटा खाली ठेवला. "ओवी, जीभ टाळूला नको लावूस. दातांच्या मागे टेकव. हं, आता म्हण."

"चमचा."

बारीक शिट्टी वाजली. ओवी दचकली. "अरे, मेरे में भी है?" मग आजोबांकडे वळली आणि एकेक शब्द जुळवत म्हणाली, "चल, माझं चुकलं." तोंडावर हात न घेता हसली.

काकांनी चष्मा काढला. "परत म्हण."

ती परत म्हणाली. मग आणखी एकदा, न सांगता. बाहेर पेशंट खोळंबले होते. खोळंबू देत, म्हटलं.

"चला," शेवटी काकाच म्हणाले, शिट्टीसकट. "बसवा आता पॅसेंजर."