पाच गोळ्या, एक भोक

"वहिनी, श्वास जरा तिकडं सोडा."

सरनाईकदादांनी माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. दीड मीटरच्या अंतराचे दिवस होते, म्हणून मला त्यात काही वावगं वाटलं नाही. सगळं जगच तेव्हा एकमेकांच्या श्वासाला घाबरून होतं. सरनाईकदादांना मात्र विषाणूची फारशी पर्वा नव्हती. त्यांना काळजी होती हातातल्या वजनकाट्याची. दारातच पार्सल फोडून ते तो तपासत होते आणि माझ्या श्वासानं काट्यावरचा आकडा हलत होता.

नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावात आम्ही आलो ते टाळेबंदीच्या जेमतेम तीन आठवडे आधी. एकमेकांना चिकटलेली घरं, मधे एकच भिंत. भिंतीपलीकडे मराठी माणूस आहे म्हटल्यावर मी हरखून बेसनाचे लाडू घेऊन गेले होते. दादांनी एक लाडू उचलला, तळहातावर तोलला. मग दुसऱ्या हातात दुसरा घेतला.

"हे दोन सारखे नाहीत."

"घरी वळलेत, दादा."

"तेच म्हणतो मी. संशयाला जागा आहे."

'संशयाला जागा आहे' हे त्यांचं पालुपद. सत्तावन्न वर्षांचे, मूळचे कोल्हापूरचे, आइंडहोव्हनच्या एका कंपनीत मोजमापाचे इंजिनिअर. यंत्राचा एखादा भाग केसाच्या किती पट बारीक आहे, हे मोजण्यात आयुष्य गेलेलं. त्यामुळे ढोबळ गोष्टींवर त्यांचा विश्वासच उरला नव्हता. हवामानाच्या ॲपवर नाही, दुधाच्या पिशवीवरच्या तारखेवर नाही, हाउसआर्ट्सच्या, म्हणजे आमच्या डॉक्टरबाईंच्या, थर्मामीटरवर तर अजिबात नाही. घरात तीन थर्मामीटर होते आणि तिघांचं आपसात पटत नसे. आमच्यावरही विश्वास नव्हता. "या घरात तुम्ही किती दिवस राहणार?" हे त्यांनी निखिलला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, तीनदा विचारलं. आमच्या आधी तिथे विम नावाचे डच आजोबा राहायचे, ते वृद्धाश्रमात गेले आणि घर आम्हाला मिळालं. जणू आम्हीच त्यांना उचलून बाहेर काढलं होतं, अशा नजरेनं दादा आमच्याकडे बघत.

लवकरच आम्हीही त्यांच्याकडे तसंच बघायला लागलो. घरून काम सुरू झालं आणि दिवसभर भिंतीतून आवाज यायला लागला. टक्. मग बराच वेळ शांतता. टक्. पार्सलं यायची, ती ते दारात वाकून इकडेतिकडे बघत आत ओढायचे. एक दिवस मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते, तर कुंपणापलीकडून फोनवर बोलणं ऐकू आलं. "आज दारू जरा जास्त झाली. उद्या कमी करून बघतो. नाही, सोडायची नाही, फक्त माप सापडलं पाहिजे."

मी आत येऊन निखिलला म्हटलं, "बिचारे पितात."

"एकटा माणूस आहे. पिऊ दे," निखिल म्हणाला.

पुढच्या आठवड्यात मी वरच्या खिडकीतून पाहिलं. त्यांच्या अंगणातल्या टेबलावर पंचा पसरला होता आणि त्यावर पितळेच्या शंभरेक पुंगळ्या ओळीत ऊन खात पडल्या होत्या. काडतुसांच्या पुंगळ्या. पिणं परवडलं असतं, असं मला झालं. त्या संध्याकाळी आम्ही दोघं पोलिसांना कळवावं की नाही, यावर कुजबुजत भांडलो. भिंतीला कान असतील, ही भीती पहिल्यांदाच खरी वाटत होती.

आमचं ठरायच्या आधीच पोलीस आले. दोघं होते. अर्ध्या तासानं हसत, कोपराला कोपर लावून निरोप घेत बाहेर पडले. आणि पाठोपाठ आमची बेल वाजली.

"वहिनी, संशय आला ना?" दादा म्हणाले. "यायलाच पाहिजे. नसता आला तर मला तुमच्याबद्दल आला असता. चला, दाखवतो. निखिलरावांनाही बोलवा."

पोटमाळ्यावर त्यांचा संसार होता. जमिनीला बोल्ट केलेली लोखंडी तिजोरी, तिच्यात रायफल. पोलीस दरवर्षी न सांगता येऊन ती नीट बंद आहे ना, बघून जातात. शेताची नासाडी करणारे कोल्हे-ससे लांबून टिपता यावेत, म्हणून बनवलेली ती बंदूक. पण दादांनी आयुष्यात मुंगीवरही नेम धरला नव्हता. ते फक्त कागदावर झाडायचे, तेही नेमबाजीच्या क्लबात. आणि काडतुसं स्वतःच्या हातानं भरायचे. टक् आवाज त्या भरायच्या यंत्राचा. दारू म्हणजे पुंगळीतली दारू.

"विकतची काय वाईट असतात?" निखिलनं विचारलं.

"विकतचं काडतूस म्हणजे लग्नातलं जेवण. पोट भरतं, पण आत काय घातलंय ते विचारू नका." त्यांनी आमच्यासमोर एक वही उघडली. दारू किती, गोळी पुंगळीत किती खोल, त्या दिवशी वारा कुठला, सकाळी काय खाल्लं होतं, सगळं तीत होतं. "प्रत्येक बंदुकीची आपली एक आवड असते. तिला नेमकं काय मानवतं, ते हुडकायचं. सापडलं की पाच गोळ्या एकाच भोकातून जातात. पाच गोळ्या, एक भोक."

"सापडलं?"

"चार जातात. पाचवी दगा देते."

हे सांगताना त्यांचा चेहरा इतका समाधानी होता, की मला त्यांचं कोडंच पडलं. रायफल मुळात विमची. दादांची बायको, मेधावहिनी, वारल्यानंतर त्यांनी तीन महिने घराचे पडदे उघडले नव्हते. एका शनिवारी विमनी दार ठोठावलं आणि म्हणाले, "मला लांबचं दिसत नाही. माझ्या गोळ्या कुठे लागतात ते सांगायला चल." त्यानंतर एकही शनिवार चुकला नाही. पुढे विमचे हात थरथरायला लागले, तेव्हा रायफल रीतसर दादांच्या परवान्यावर आली.

आता वृद्धाश्रम बंद होता. दादा शनिवारी सकाळी क्लबात एकटे पाच गोळ्या झाडायचे आणि दुपारी तो कागद घेऊन विमच्या खिडकीबाहेर उभे राहायचे. काचेपलीकडे विम, चाकाच्या खुर्चीत, हातात भिंग. कागद न्याहाळायचे आणि मान हलवायचे, "नोख नीत." अजून नाही. मग फोन कानाला लावून अर्धा तास खरडपट्टी काढायचे.

मधे उन्हाळ्यात काही दिवस भेटी सुरू झाल्या. हिवाळ्यात आश्रमात पुन्हा साथ शिरली, पुन्हा काच आली आणि नेमके तेव्हाच दादा आजारी पडले. तिन्ही थर्मामीटरांचं पहिल्यांदा एकमत झालं. मी दाराशी मऊ खिचडी ठेवायचे. शुक्रवारी त्यांचा फोन आला. आवाज पार खोल गेलेला.

"वहिनी, पायरीवर पाकीट ठेवलंय. उद्या विमला तेवढं दाखवाल? न येण्याचं कारण सांगू नका. कामात आहे म्हणा."

शनिवारी मी सायकलवरून गेले. विम खिडकीशी तयारच बसले होते, कोट-टाय घालून. मी पाकिटातून कागद काढला आणि काचेकडे करायच्या आधी सहज नजर टाकली. मधोमध एकच भोक होतं, करंगळीच्या नखाएवढं, कडा जरा फाटलेल्या. खाली दादांच्या अक्षरात लिहिलं होतं 'पाचही'. तारीख जूनची होती. आणि आम्ही डिसेंबरात होतो.

मी कागद छातीशी धरून पाठ फिरवली आणि दादांना फोन लावला.

"अहो, तो नाही! तो दाखवू नका!" त्यांना खोकल्याची उबळ आली. "चुकून आला. तापात कुठलं पाकीट उचललं मी. मागं दुसरा असेल बघा."

"दादा, तुम्हाला जूनमध्येच सापडलं होतं?"

"त्यांना तेवढंच एक काम उरलंय, वहिनी. मला शिव्या द्यायच्या म्हणून जेवतात, असं नर्स म्हणाली. सापडलं म्हणून सांगितलं, तर पुढच्या शनिवारी काय करतील?"

मागे खरोखरच दुसरा कागद होता. चार गोळ्या गच्च आणि पाचवी उजवीकडे भरकटलेली. मी तो काचेवर टेकवला. विमनी भिंग लावलं, हटवलं आणि फोन उचलायची खूण केली. माझं डच अगदीच कामचलाऊ, म्हणून ते सावकाश इंग्रजीत बोलले.

"आजारी आहे का तो?"

"नाही, कामात आहेत."

"बरं." त्यांनी काचेवर बोट ठेवलं, त्या पाचव्या भोकावर. "दारूचं माप चुकलं तर गोळ्या वरखाली पसरतात. ही दर वेळी पाचवीच, दर वेळी उजवीकडेच. ही दारूची चूक नव्हे, मुली. हे चापावरचं बोट आहे. मुद्दाम ओढलेलं बोट."

पाठीमागे धरलेला जूनचा कागद मी आणखी घट्ट पकडला.

"त्याला सांगू नकोस," विम म्हणाले. "मी शाबास म्हटलं, तर तो बंदूक पुसून ठेवील आणि घरी बसेल. पडदे ओढून. त्याला शनिवारी जायला दुसरं ठिकाण नाही."

मी परत आले तेव्हा दादांनी वरच्या मजल्याची खिडकी उघडली. अंगावर शाल, डोक्याला मफलर.

"काय म्हणाले?"

"रागावले. वेंधळा झालाय म्हणाले. पुढच्या शनिवारी स्वतः यायला सांगितलंय."

"फार रागावले?"

"फार."

दादांनी मान हलवली. चष्मा काढला, शालीच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला आणि खोकत म्हणाले, "वहिनी, ती खिचडी उरली असेल तर आज थोडी जास्तच द्या. शनिवारपर्यंत उभं राहायला पाहिजे."