मोंबाशाचा मास्तर शहापुरात

आफ्रिकेत, मोंबाशाच्या शाळेत वर्षभर इंग्रजी शिकवून सुबराव मास्तर बेळगावजवळच्या वडगावला परत आला, तेव्हा ज्यानं त्यानं विचारलं, "वर्ष कसं गेलं रं?" आता एवढा समुद्र ओलांडून आलेला माणूस नुसतं "बरं गेलं" म्हणून गप्प बसेल होय? गोरा साहेब मला सोडतच नव्हता, पोरं बंदरापर्यंत रडत आली, पुढच्या बोटीनं परत बोलावलंय, अशा त्यानं थापा ठोकल्या. त्याची आई नागुबाई, तिनं त्यांना चांगली फोडणी देऊन त्या शहापूरपर्यंत पोचवल्या.

शहापूरच्या केदारीआप्पांनी आपल्या लेकीसाठी, अंजनीसाठी बोलावणं धाडलं, आणि मायलेक मुलगी बघायला गेले. आप्पा लुगडी विणायचे आणि गल्लीच्या भजनाचे बुवाही तेच. अंजनीनं पोह्यांची बशी पुढं केली, तर सुबराव बशी सोडून तिच्याकडंच बघत राहिला. गडी पार गारद झाला.

"पोरगं पसंत हाय," आप्पा म्हणाले. "पण पोरगी मी समुद्रापल्याड देणार न्हाय. परत जाणार अशील तर पोहे खा आन् ऊठ."

सुबरावनं बशी खाली ठेवली. "कोण जातंय परत, आप्पा. हितंच बेळगावात शिकवण्या करीन."

"आन् त्यो सायेब? सोडत नव्हता म्हणं तुला."

"कुठलं काय. त्यानंच हाकललं मला."

"लाजतोय वो त्यो," नागुबाई मध्येच म्हणाली. "सायबाच्या डोळ्यांत पाणी आलतं."

"हसून हसून आलतं, आई. तू जरा गप बस बघू."

आप्पांनी डोळे बारीक केले. "हाकललं? दारूबिरू पितोस काय?"

झाली का पंचाईत! एक थाप निस्तरायला गेला तर दुसरंच गळ्यात पडलं. मग सुबरावनं खरं काय ते सांगून टाकलं. तो लहानपणापासून भजनात वाढलेला, त्याला चालीशिवाय काही पाठ करवून घेताच येत नसे. मोंबाशाच्या पोरांच्या डोक्यात इंग्रजी शिरेना, तेव्हा त्यानं सगळे धडे भजनाच्या चालीवर बसवले. मास्तरनं ओळ म्हणायची, पोरांनी ती झेलायची. पोरं खूश, मास्तरही खूश. वर्ष संपताना साहेब तपासणीला आला आणि त्यानं एका पोराला नाव विचारलं. टाळ वाजल्याशिवाय पोराच्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी सुबरावनं टाळ धरला, आणि अख्खा वर्ग उभा राहून 'माय नेम इज हसन' असं डोलत डोलत म्हणू लागला. त्यात हसन एकच होता.

"लगीन व्हावं म्हणून रचतोस," आप्पा म्हणाले. त्यांनी खुंटीवरचे टाळ काढून त्याच्या हातात दिले. "म्हणून दाखव."

सुबरावनं चाचरत सुरुवात केली. दुसऱ्या ओळीला आप्पांनी मृदंग ओढला. तिसऱ्या ओळीला माग थांबवून शेजारचे विणकर उठून आले आणि मागं उभे राहून 'माय नेम इज हसन' झेलू लागले. नागुबाईनं डोक्यावरचा पदर सावरून टाळ्या धरल्या. रस्त्यानं जाणाऱ्यांना वाटलं, घरात सप्ताह बसलाय. ते चपला बाहेर काढून आत आले, नमस्कार करून बसले आणि हसनचा गजर करू लागले.

बऱ्याच वेळानं आप्पांनी मृदंग बाजूला ठेवून घाम पुसला. "पटलं. असल्या मास्तराला कुठला सायेब परत बोलवत न्हाय. पोरगी दिली."

सुबरावला आभाळ ठेंगणं झालं. तेवढ्यात बश्या उचलायला अंजनी बाहेर आली.

"आप्पा, मला नगं हे स्थळ."

"का गं? आता तर पोरगं हितंच राहणार."

"म्हणूनच नगं. आगबोटीत बसाय मिळतंय म्हणून मी व्हय म्हटलं हुतं. हितं राहणारे मास्तर काय, बेळगावात पायलीचे पन्नास."

सुबरावनं टाळ हळूच खाली ठेवले.

"आप्पा," तो म्हणाला, "तसा सायेब मनानं लई चांगला. पाय धरले तर घेतोय बघा परत."