एका किल्लीचा जुडगा

बसा मुलांनो. ही गोष्ट एका जंगलातली आहे. कुठलं जंगल, तालुका कोणता, असले प्रश्न विचारायचे नाहीत. ज्या जंगलात अस्वलं मोटार चालवतात तिथे तालुका कशाला लागतो?

तर त्या जंगलात एक अस्वल राहत असे. नाव नरहरपंत. पंत स्वभावाने इतके भिडस्त की मधमाश्यांनासुद्धा आधी नमस्कार करून मग पोळ्याला हात घालत. सगळं जंगल त्यांना चांगलं म्हणे. सगळ्यांनी चांगलं म्हणावं यापलीकडे पंतांना आयुष्यात दुसरं काही नको होतं.

पंतांकडे एक मोटार होती. चांगली जुनी. काच खाली करायला हँडल होतं, वर घ्यायची तर पंज्यांनी ओढावी लागे. हॉर्न पंत तोंडानेच वाजवत. पण जंगलात मोटार म्हणून जी काही होती ती तेवढीच, त्यामुळे तिचा मान मोठा होता.

या मोटारीला एक खोड लागली. नदीकाठच्या सपाट वाळूत ती झकास चाले. दगडधोंड्यांचा रस्ता लागला की एकदम बंद. आचके नाहीत, धूर नाही, कुरकुर नाही. बोलता बोलता कुणी उठून जावं तशी बंद पडे.

एरवी पंतांनी ते हसण्यावारी नेलं असतं. पण घाटापलीकडे त्यांच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. गोदाला एकदा डोळे भरून बघू दे, असा त्यांचा निरोप आला होता. गोदाबाई म्हणजे पंतांची बायको. तिचे गुडघे गेलेले, त्यामुळे पायी घाट चढणं शक्य नव्हतं. तिने मधाचं गाडगं फडक्यात बांधून दाराशी ठेवलं आणि ती मोटारीची वाट बघत बसली.

मग काय, तज्ज्ञ जमले. मोटार बंद पडली की तज्ज्ञ बोलवावे लागत नाहीत, हे तुम्हीही मोठे झालात की बघाल.

पहिला आला झिपरू माकड. त्याचं वडाखाली गॅरेज होतं. शहरातल्या एका गॅरेजच्या पत्र्यावर आपलं बालपण गेलं, असं तो अभिमानाने सांगे. त्याने इंजिनाचे प्लग काढले, पुसले, त्यांतला एक चाटून बघितला आणि ठिणगी कमजोर आहे असं जाहीर केलं. मग आले रावसाहेब कोल्हे. त्यांनी बॉनेटमध्ये न वाकताच सांगितलं की कार्बोरेटरमध्ये कचरा आहे, आणि हा कचरा मागच्या पुढाऱ्यांच्या काळातला आहे. गजाभाऊ हत्तींचं म्हणणं पडलं की कॉईल तापते. त्यांनी सोंडेने तिच्यावर एवढं पाणी मारलं की त्या दिवशी मोटार सपाट वाळूतही हलली नाही. कासवकाकांचं निदान सोपं होतं. मोटार फार जोरात चालवली जाते.

आता त्या जंगलातली एक रीत सांगतो. आजारी यंत्राला ज्याने हात लावला, त्याने जाताना त्याच्या किल्लीला आपली एक खूण बांधायची. त्याशिवाय त्याचा हातगुण यंत्राला लागत नाही, अशी सगळ्यांची समजूत. आणि बांधलेली खूण सोडायची नाही. सोडणं म्हणजे तुमच्या हाताला गुण नाही असं तोंडावर सांगणं. एक वेळ त्याची शेपटी ओढलेली परवडली. त्यामुळे मोटारीच्या जुन्या दुखण्यांच्या बऱ्याच खुणा पंतांच्या किल्लीला आधीपासूनच लटकत होत्या.

झिपरूने किल्लीला पिंपळाच्या मुळीची गाठ बांधली. रावसाहेबांनी तांब्याचा ताईत अडकवला, त्यावर स्वतःचं चित्र. गजाभाऊंनी पितळी घंटा बांधली, लहानशीच, म्हणजे हत्तीच्या मानाने लहानशी. कासवकाकांनी नदीतला भोकाचा दगड ओवला. गुण आला नाही म्हणून पुढच्या फेरीत सगळ्यांनी आणखी एकेक खूण बांधली. किल्ली कुठे आहे हे पंतांना चाचपून शोधावं लागू लागलं.

मोटार आता पूर्वीपेक्षा जास्त बंद पडू लागली. पहिल्याच खड्ड्यात थांबे. लगेच मागे धक्का मारायला गर्दी होई. खरं तर पंतांनी नुसती किल्ली फिरवली असती तरी ती चालू झाली असती. पण लोक बाह्या सरसावून उभे असताना किल्ली फिरवायची म्हणजे किती वाईट दिसतं.

एका दुपारी पंत मोटार धुवायला नदीवर गेले. उतरताना किल्लीचा तो खुणांचा जुडगा त्यांच्या मांडीच्या केसांत असा गुंतला की सुटेना. शेवटी त्यांनी कडीतून नुसती किल्ली काढून घेतली. जुडगा मागाहून सोडवला आणि मागच्या सीटवर टाकला. घरी परतताना दगडांचा रस्ता आला आणि गेला. खड्डा आला आणि गेला. मोटार चालूच.

पंतांनी मोटार थांबवली. किल्लीला जुडगा परत लावला आणि त्याच खड्ड्यातून ती पुन्हा नेली. खड्ड्यात चाक आपटलं, जुडगा खाली हिसकला, त्याच्या ओझ्याने किल्ली आपोआप उलटी फिरली आणि मोटार बंद. आतलं स्विच झिजून ढिलं झालं होतं, एवढाच काय तो आजार. बाकीचं सगळं औषधाचं वजन.

पंत घरी नाचत आले. अस्वल नाचलं की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. अंगणातली पाण्याची घागर फुटली. त्यांनी गोदाबाईला सगळं सांगितलं.

"मग टाका काढून ते लटांबर," गोदाबाई म्हणाली. "उद्या सकाळीच निघू."

पंतांचा नाच तिथेच थांबला. काढून टाका म्हणणं सोपं होतं. त्यांनी भीतभीत सुरुवात म्हणून फक्त कासवकाकांचा दगड काढला. काकांना ते दिसलं. काका रुसले. रुसून घरी पोचायला त्यांना बराच वेळ लागला, आणि वाटेत जो भेटेल त्याला ते सांगत गेले. दुसऱ्या दिवशी पंतांना ओढ्यावर कुणी ओळख दिली नाही. झिपरूने तर त्यांच्याकडे पाठ करून केळं खाल्लं.

पंतांना रात्रभर झोप लागली नाही. सासूबाई डोळ्यांसमोर येत होत्या, हे खरं. पण त्यांच्यापुढे झिपरूची पाठ येत होती.

मग निघायचा दिवस उजाडला. निरोप द्यायला सगळं जंगल जमलं. प्रत्येकाने आपापली खूण जुडग्यात आहे ना हे बघून घेतलं. सगळ्या होत्या. पंतांनी आदल्या संध्याकाळी कासवकाकांचा दगडसुद्धा परत ओवला होता, आणि तो सगळ्यांत वर, दिसेल असा. गोदाबाईने ते बघितलं होतं.  ती गाडगं मांडीवर घेऊन मोटारीत बसली.

घाटाच्या पायथ्याशी पहिल्या धोंड्यावर चाक चढलं आणि मोटार बंद पडली. मंडळी धक्का मारण्याच्या तयारीने मागून चालत आलीच होती. आता तिथली आणखी एक पद्धत अशी की धक्क्याआधी मालकाने खाली उतरून एकेकाला नमस्कार करायचा. पंत उतरले आणि मागे गेले. गजाभाऊंना नमस्कार केला. रावसाहेबांना जरा वाकून केला.

इकडे गोदाबाई सरकून स्टिअरिंगसमोर बसली. मोटार तिला येत होती. नव्या लग्नात पंतांनीच कौतुकाने शिकवली होती आणि मग कधी हातात दिली नव्हती. तिने किल्ली कडीतून सोडवली, जुडगा खिडकीतून बाहेर सोडून दिला, किल्ली घातली आणि फिरवली. मोटार चालू झाली. ती धोंड्यावरून उतरली, पुढचा खड्डा ओलांडून गेली आणि घाट चढू लागली.

मागे एकच जल्लोष झाला. गजाभाऊ म्हणाले, घंटेला उशीर लागतो पण गुण येतो. झिपरूने तेच पिंपळाच्या मुळीबद्दल सांगितलं. जुडगा धुळीत पडला होता आणि सगळे त्याच्याभोवती उभे राहून त्याचं कौतुक करत होते.

"पंत," रावसाहेबांनी विचारलं, "मग हातगुण कुणाचा म्हणायचा?"

पंतांनी वर पाहिलं. पहिल्या वळणावर धूळ उडत होती. त्यांना फार लाज वाटली. वाटलं, खरं काय ते सांगून टाकावं आणि तिच्या मागे धावत सुटावं. अस्वल मनात आणलं तर चांगलं धावतं, आणि मोटार अजून दूर गेली नव्हती. त्यांनी तोंड उघडलं. सगळे त्यांच्याकडे किती आपुलकीने बघत होते.

"सगळ्यांचाच," पंत म्हणाले. त्यांनी जुडगा उचलला, पुसला आणि छातीशी धरला. मग ते झिपरूकडे वळले, कारण त्याला नमस्कार करायचा राहिला होता. कासवकाका तर अजून येऊन पोचायचे होते.

घाटापलीकडे म्हातारीने लेकीच्या हातून मधाचं बोट चाटलं. लेकीचं तोंड चाचपून बघितलं. बराच वेळ दोघी रडल्या. मग म्हातारीने दाराकडे बघत विचारलं, "जावई नाही आले?"

"येतील," गोदाबाई म्हणाली. "आभार मानून झाले की येतील."

तात्पर्य : मुलांनो, बिघाड सापडला म्हणून लगेच काढू नये. तो कुणी कुणी प्रेमाने बसवला आहे ते आधी बघावं, आणि मग जन्मभर सुखाने धक्का खावा. ज्यांना खरोखरच कुठे पोचायचं असेल, त्यांनी किल्ली घ्यावी आणि नवरा तिथेच ठेवावा.